शेवटच्या महिन्यातलं गिऱ्हाईक : रिदम हाऊसचं प्रकरण

फेब्रुवारी 2016. मुंबईत काळा घोडा कला महोत्सवाचे दिवस होते, त्यामुळे जहांगीरसमोरच्या रस्त्यावर गर्दी असणारच होती. पण त्या वर्षी गर्दीचा एक फाटा सारखा रिदम हाऊस या संगीताच्या दुकानाच्या दाराकडे वळत होता. महिनाअखेरीला दुकान बंद होणार, ही बातमी 2015 संपता संपता आली होती. लोक आत शिरत होते, फोटो काढत होते, काउंटरवरच्या माणसांशी हात मिळवत होते. पन्नाशीचे एक गृहस्थ आपल्या मुलीला सांगत होते, "इथे, बरोब्बर इथे, मी तासन् तास उभा असायचो." मुलगी फोनवर होती.

मीही त्या गर्दीत होतो. बिल करताना काउंटरमागच्या माणसाने मला ओळखलं आणि म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी?" त्यात टोमणा नव्हता, सहज विचारलं होतं त्याने. मी मनातल्या मनात हिशोब केला. या दुकानातली माझी आधीची खरेदी 2009 सालची. सात वर्षं मी आठवड्यातून दोन-तीनदा या दारावरून गेलो होतो, कारण माझं ऑफिस फोर्टातच होतं. सात वर्षांत सातशे वेळा तरी. आत एकदाही गेलो नव्हतो.

म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. बंद दुकानांबद्दल आपण हळहळतो तेव्हा नेमकं काय गेल्याबद्दल हळहळतो, आणि जे गेलं ते कशाने गेलं, हे एका दुकानापुरतं तरी नीट लावून बघावं, एवढाच हेतू.

आधी जागा

काळा घोडा हे नावच मुळात एका गेलेल्या वस्तूचं आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा ससून घराण्याने 1879 मध्ये शहराला दिला. 1965 मध्ये तो तिथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं. पुढे पन्नासहून जास्त वर्षं माणसं रिकाम्या चौकाला 'काळा घोडा' म्हणत राहिली आणि त्यात कोणाला काही विचित्रही वाटलं नाही.

या चौकाच्या भोवती, पाच मिनिटांच्या अंतरात, काय काय होतं ते एकदा मोजून बघा. 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी. तिच्या व्हरांड्यातलं, लांबट आगगाडीच्या डब्यासारखं समोवार. डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज, म्युझियम, मॅक्स म्युलर भवन. के. दुबाश मार्गावर रिदम हाऊस आणि त्याच्याच शेजारी वेसाइड इन. वेसाइड इनमध्ये डॉ. आंबेडकर बसून लिहीत असत असं सांगतात. कवी अरुण कोलटकर मात्र तिथे दर गुरुवारी दुपारी मित्रांबरोबर बसायचे, हे त्यांना पाहिलेली कितीतरी माणसं सांगतील. खिडकीतून चौक दिसायचा. कोलटकरांनी त्या चौकावर 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी कवितासंग्रह लिहिला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे सकाळी जहांगीरला चित्रं बघावीत, दुपारी समोवारमध्ये बोटी रोल किंवा नुसता पुदिन्याचा चहा घ्यावा, संध्याकाळी रिदम हाऊसमध्ये फुकट तासभर गाणी ऐकावीत आणि चर्चगेटहून घरी जावं. सगळा दिवस पन्नास रुपयांत व्हायचा. 'फुकट' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुकान काय होतं

रिदम हाऊस 1948 चं. कर्मली कुटुंबाने ते चालवलं. रेकॉर्डच्या जमान्यात तिथे ऐकण्यासाठी छोट्या खोल्या होत्या: काच लावलेलं लाकडी खोकं, आत तुम्ही आणि गाणं. 78 ची तबकडी असेल तर एका बाजूला साडेतीन मिनिटं, एलपी असेल तर वीस-बावीस. ऐका, आवडलं तर घ्या, नाही तर पुढच्याला जागा द्या. विकत घेण्याआधी पोटभर ऐकू देणारं दुकान ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. एलपीची किंमत मध्यमवर्गीय घरात महिन्याच्या खर्चात वेगळी धरावी लागे.

मी रेकॉर्डच्या जमान्यातला नाही. माझं रिदम हाऊस कॅसेटचं. ऐंशीच्या दशकात कॅसेटने रेकॉर्डला जवळजवळ हुसकावून लावलं आणि गाणी डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांतही आली. साध्या कॅसेटी आम्ही स्टेशनाबाहेरच घ्यायचो. काळ्या घोड्याला यायचं ते बाकी कुठे न मिळणाऱ्या वस्तूसाठी.

एकदा बाबांनी एका नाट्यपदाची कॅसेट आणायला सांगितली. पदाचे शब्द त्यांना आठवत नव्हते, नाटक आठवत नव्हतं, गायक कोण ते दोनदा बदलून सांगितलं. चाल मात्र त्यांनी गुणगुणून दाखवली आणि माझ्याकडून दोनदा घोकून घेतली. मी लोकलमध्ये पन्नास मिनिटं ती मनात धरून ठेवली. कुर्ल्याला एक भजनी मंडळ चढलं, तिथे ती बिघडली. काउंटरवर जाऊन मी जे काही गुणगुणलो ते ऐकून तो माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला,

"सूर सोडा. शब्द सांगा."

"शब्द नाहीत हो आठवत. बाबांना हवंय."

"बाबा कुठले?"

"सांगलीचे."

"वय?"

मी सांगितलं. तो आतल्या फळीकडे गेला, दोन कॅसेटी घेऊन आला आणि एकीवर बोट ठेवून म्हणाला, "हे नसेल तर परत आणा." परत न्यायची वेळ आली नाही.

यात त्याने गाणं ओळखलंच नव्हतं. त्याने गिऱ्हाईक ओळखलं होतं: सांगलीचा अमुक वयाचा माणूस कोणतं पद गुणगुणत असेल, याचा अंदाज. तीस वर्षं काउंटरमागे उभं राहिल्याशिवाय हे येत नाही. आणि या कौशल्याचे पैसे बिलात कुठेच लागत नव्हते. कॅसेटची किंमत डोंबिवलीत जी, तीच इथे.

याशिवाय कार्यक्रमांची तिकिटं. शहरात शास्त्रीय, जॅझ, काहीही मोठं असलं की पोस्टर रिदम हाऊसच्या काचेवर आणि तिकिटं आत. त्यामुळे काही न घेता नुसती काच वाचून परतणारा एक मोठा वर्ग होता. मी कॉलेजात असताना त्याच वर्गात होतो.

धंद्याचं गणित

आता हळहळ बाजूला ठेवून वही उघडू.

असं दुकान चालतं ते खोलवर भरलेल्या फळ्यांवर. चालू सिनेमाची गाणी कुठेही मिळतात. रिदम हाऊसची इभ्रत होती ती वर्षातून दोनदा विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर. एखाद्या जुन्या धृपदियाची सीडी सहा महिने फळीवर पडून असते, म्हणजे तिच्यातले पैसे सहा महिने अडकलेले असतात. ते परवडतं कधी? जेव्हा रोज धडाधड खपणारा माल बाजूला असतो तेव्हा. चालू गाणी धृपदाचा खर्च उचलतात. दुकानदार हे बोलून दाखवत नाही आणि गिऱ्हाइकाला ते कळत नाही.

तर आधी गेला तो धडाधड खपणारा माल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून फोर्टातल्याच फुटपाथवर चोरीच्या एमपीथ्री तबकड्या मिळू लागल्या. एका तबकडीवर दीडशे गाणी. 1999 मध्ये बोरीबंदरसमोर प्लॅनेट एमसारखं मोठं दालन आलं, पण खरा घाव तो नव्हता. दालनवाल्यांचाही पुढे तोच शेवट झाला. मग घरोघरी इंटरनेट, मग फोनमध्ये गाणी. चालू गाण्यांचं गिऱ्हाईक गेलं आणि धृपदाचा खर्च उचलणारं कोणी उरलं नाही. फळ्या तेवढ्याच खोल ठेवल्या तर पैसा अडकतो, उथळ केल्या तर मग लोकांनी काळ्या घोड्यापर्यंत यायचं कशासाठी? दोन्हीकडून कोंडी.

इथे एक तारीख मला महत्त्वाची वाटते. आपण सगळे म्हणतो, स्वस्त डेटा आला आणि दुकानं बुडाली. पण जिओ बाजारात आलं सप्टेंबर 2016 मध्ये. रिदम हाऊस त्याच्या सहा महिने आधीच बंद झालं होतं. म्हणजे पूर येण्याआधीच घर रिकामं झालं होतं. दुकानाने हातपाय मारले नाहीत असंही नाही. सिनेमांच्या डीव्हीडी ठेवल्या, स्वतःची वेबसाइट काढली, तिकिटं चालू ठेवली. कर्मलींनी बंद करताना कारणं सांगितली ती पायरसी आणि डिजिटल संगीत हीच, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण अर्धं कारण जमिनीत आहे.

2017 मध्ये ही जागा सुमारे 32 कोटी रुपयांना विकली गेली. या आकड्याला कागदावर घ्या. त्या वर्षी बँकेच्या मुदत ठेवीवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. म्हणजे वर्षाला दोन कोटी आठ लाख, दिवसाला सत्तावन्न हजार. शटर न उघडता, दिवा न लावता, एकाही माणसाला पगार न देता. आता समजा एका सीडीमागे दुकानाला किमतीच्या पंचवीस टक्के सुटतात (हा माझा अंदाज, आणि तो उदारच आहे) आणि सीडी चारशेची आहे. तर सत्तावन्न हजार मिळवायला दिवसाला पाचशे सत्तर सीड्या विकायला हव्यात. दहा तास दुकान उघडं असेल तर मिनिटाला जवळपास एक. आणि त्यातून अजून वीजबिल आणि पगार जायचेत.

2015 साली मिनिटाला एक सीडी विकणारं दुकान मला तरी माहीत नाही.

जुन्या दुकानाची जागा स्वतःची असेल तर ते टिकतं, असा आपला समज असतो. भाडं नाही ना, मग काय अडचण? पण मालकीची जागा हीच त्या दुकानाची सर्वांत मोठी स्पर्धक असते. दुकान रोज सकाळी आपल्याच जमिनीशी शर्यत लावतं आणि काळ्या घोड्याची जमीन भारी पळते. असं दुकान जितकी वर्षं चालतं, तितकी वर्षं मालक स्वतःच्या खिशातून शहराला वर्गणी देत असतो. कर्मलींनी ती किती वर्षं दिली कोणास ठाऊक. आम्ही पावती मागितली नाही.

शेजारपाजारचे मृत्यू

त्याच परिसरात पंधरा-सोळा वर्षांत चार ठिकाणं गेली आणि चारही वेळा लोकांनी जवळजवळ तेच शब्द वापरले: "एका युगाचा अंत", "मुंबईचा आत्मा हरवला" वगैरे. मृत्यूची कारणं मात्र वेगवेगळी होती.

वेसाइड इन 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झालं आणि तिथे दुसऱ्याच पद्धतीचं, महागडं हॉटेल आलं. समोवार 1964 मध्ये उषा खन्ना यांनी सुरू केलं होतं. ते मार्च 2015 अखेर बंद झालं आणि त्याला कारण गिऱ्हाईक कमी झालं हे मुळीच नव्हतं. दुपारी जागा मिळायची नाही, शेवटपर्यंत. जागा गॅलरीची, करार आणि त्यावरचा कोर्टातला वाद, निकाल विरोधात. संपलं. चालतं हॉटेल बंद झालं. तिथे पैसे नसलेल्या चित्रकारांना उधारीवर जेवण मिळायचं, आणि त्यातले काही पुढे एवढे मोठे झाले की त्यांच्या एका चित्राच्या किमतीत समोवार शंभर वर्षं चाललं असतं. पण उधारीची परतफेड अशी होत नसते.

फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल तर रिदम हाऊसचं जुळं भावंडच म्हणावं. तेही 1948 चं. टी. एन. शानभागांनी कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका कोपऱ्यात सुरू केलेलं, पुढे फिरोजशहा मेहता रोडवर आलेलं. शानभागांना 2003 मध्ये पद्मश्री मिळाली. पुस्तकांच्या दुकानदाराला पद्मश्री ही बातमी पुन्हा वाचायला मिळेल असं वाटत नाही. सुंदराबाई हॉलमधला त्यांचा सेल म्हणजे वार्षिक जत्रा. लोक पिशव्या नव्हे, बॅगा घेऊन यायचे. शानभाग 2009 मध्ये गेले, दुकान फेब्रुवारी 2018 मध्ये. इथे शत्रू ऑनलाइन विक्री. शानभागांनी आयुष्यभर सवलत देऊन गिऱ्हाईक जोडलं, आणि त्यांच्यापेक्षा जास्त सवलत देणारा आल्यावर ते गिऱ्हाईक सुटलं. यात मी आहेच. स्ट्रँडमध्ये पुस्तक चाळून, नाव टिपून, घरी येऊन संगणकावर मागवलं आहे. एकदा नाही.

म्हणजे एकाला जमिनीने आणि तंत्राने मिळून मारलं, एकाला कराराने, एकाला सवलतीने. वेसाइड इनचं नेमकं निदान मी करणार नाही. पण शोकसभा एकच. आणि शोकसभा एकच असली की कारणांकडे कोणी बघत नाही. समोवारच्या बाबतीत काही करता येण्याजोगं होतं, कारण तिथे निर्णय माणसांच्या हातात होता. रिदम हाऊसच्या बाबतीत नव्हतं. आपण दोन्हीकडे सारखेच रडलो आणि दोन्हीकडे सारखंच काही केलं नाही.

बंद झाल्यानंतरचं रिदम हाऊस

इथून पुढचं प्रकरण एखाद्या संगीत नाटकाच्या तिसऱ्या अंकासारखं आहे, म्हणजे पात्रं अचानक वाढतात.

2017 मध्ये जागा घेतली ती नीरव मोदीच्या फायरस्टार कंपनीने. हिऱ्यांचं झगमगीत दालन होणार अशी चर्चा. फेब्रुवारी 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेतला 13,000 कोटींच्या घरातला घोटाळा बाहेर आला, तोवर मोदी देशाबाहेर. सक्तवसुली संचालनालयाने त्याच्या मालमत्तांवर टाच आणली, त्यात ही जागा. दोन वर्षांपूर्वी जिथे लोक कॅसेटच्या आठवणी काढत उभे होते, त्या दारावर आता जप्तीची कारवाई. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. देशातल्या सर्वांत महागड्या चौकांपैकी एका चौकात एक शटर आठ वर्षं खाली होतं. कोविड आला, गेला. टॅक्सीवाल्याला सांगताना माणसं "रिदम हाऊससमोर घ्या" म्हणतच होती.

मधल्या काळात, 2017 मध्येच, चौकात नवा काळा घोडा उभा राहिला. या वेळी पाठीवर राजा नाही, नुसता घोडा. लोकांनी हौसेने फोटो काढले.

लिलावाची बातमी आली तेव्हा आनंद महिंद्र यांनी समाजमाध्यमावर एक कल्पना मांडली: मुंबईतल्या काहीजणांनी मिळून ही जागा घ्यावी आणि उगवत्या गायक-वादकांसाठी तिथे मंच करावा, मीही त्यात असेन. त्या संदेशाखाली कौतुकाचा पाऊस पडला. 'आम्हीही', 'मलाही धरा', 'कुठे सही करायची?' असं बरंच. मला तेव्हा फेब्रुवारी 2016 मधली रांग आठवली. ती रांग आणि हा पाऊस, माणसं बहुधा तीच. अशी वर्गणी जमली आणि जागा घेतली गेली, असं काही झालं नाही.

शेवटी 2024 मध्ये लिलावातून भाने ग्रुपने ती सुमारे 48 कोटींना घेतली. हा तयार कपड्यांच्या व्यवसायातला उद्योगसमूह, अभिनेत्री सोनम कपूर यांच्या सासरचा. तेव्हा पुन्हा एकदा आठवणींचा पूर आला. दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली होती आणि 32 चे 48 झाले होते. हे सोळा कोटी बघा. त्या आठ वर्षांत तिथे एकही वस्तू विकली गेली नव्हती.

कोण हळहळलं, कोण नाही

मराठीत नॉस्टॅल्जियाला 'स्मरणरंजन' म्हणतात. कोणी केला शब्द माहीत नाही, पण त्यात एक चोख प्रामाणिकपणा आहे. रंजन! आठवणीने केलेली करमणूक. दुःख वगैरे नंतर.

रिदम हाऊसबद्दलचं जे लिखाण मी त्या काळात वाचलं, त्यातलं बहुतेक इंग्रजीत होतं आणि दक्षिण मुंबईत वाढलेल्या माणसांचं होतं. त्यांचं रिदम हाऊस बीटल्सचं, जॅझचं, परदेशातून आलेल्या नव्या एलपीचं. आमचं, म्हणजे मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांचं, रिदम हाऊस निराळं. आम्हाला आत जाताना चपला पुसाव्याशा वाटायच्या. लालबाग-परळच्या कामगाराला ते दुकान होतंच असं नाही. त्याची गाणी रेडिओवरून, गणपतीच्या मांडवातून, लॅमिंग्टन रोडवरून आली. त्याच्या हळहळीचा विषय वेगळा, आणि त्याचं जे बंद झालं त्यावर लेख आले नाहीत. गिरणगावातल्या खानावळी किती गेल्या याची यादी कोणी केली? तिथे तर महिन्याच्या बोलीवर जेवून माणसांनी जन्म काढले.

पुण्याकडच्या मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुमचं ते रिदम हाऊस असेल, आमचं अलूरकर." कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस. सुरेश अलूरकर नुसते विकत नव्हते, स्वतः ध्वनिमुद्रिका काढायचे, आणि त्यातल्या काही गोष्टी त्यांनी काढल्या नसत्या तर त्या आज कोणालाच ऐकायला मिळाल्या नसत्या. तेही आता नाही. मित्राचं म्हणणं असं, की अलूरकर जाण्याने संगीताचं नुकसान झालं आणि रिदम हाऊस जाण्याने मुंबईच्या संध्याकाळचं. मला हे कबूल करावं लागलं. थोडं लागलं, पण कबूल केलं.

कारण खरं बघितलं तर गाणी गेलेली नाहीत. बाबांसाठी जी मी पन्नास मिनिटं मनात धरून आणली, ती आज दोन सेकंदांत मिळतात, चार-चार गायकांच्या आवाजात. ज्याची एलपी बघायला आम्ही काळ्या घोड्याला जायचो, ते सगळं फोनात आहे. मग गेलं काय? माझ्या मते दोन गोष्टी. एक, "बाबा कुठले?" असं विचारणारा माणूस. दुसरी, फोर्टात तासभर फुकट उभं राहायची जागा. मघाशी म्हटलं होतं 'फुकट' लक्षात ठेवा. गॅलरीत फुकट, काचेवरची पोस्टरं फुकट, हेडफोन लावून चार गाणी फुकट. आज त्या रस्त्यावर कुठेही आत शिरलात तर बसायच्या आधी मेन्यूकार्ड येतं आणि कॉफी काही स्वस्त नसते. जुन्या दुकानाच्या नावाने आपण जे उसासे टाकतो ते पुष्कळदा या उभं राहण्याच्या हक्काबद्दल असतात, आणि तो हक्क दुकानदार स्वतःच्या पदराला खार लावून देत होता.

एक उलटं उदाहरण द्यायला हवं, नाही तर हे सगळं फारच अपरिहार्य वाटेल. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान, 1914 चं, मावा केकसाठी प्रसिद्ध. 2014 मध्ये, शंभरी भरत असताना, ते बंद होतंय अशी बातमी पसरली. शेवटचा मावा केक खायला लोकांनी ही झुंबड केली. श्रद्धांजल्या लिहून झाल्या. आणि काही काळाने डागडुजी होऊन मेरवान पुन्हा उघडलं! ज्यांनी श्रद्धांजल्या लिहिल्या त्यांची अवस्था तेराव्याचं जेवून घरी आल्यावर मयत दारात उभं दिसावं तशी. मी तेव्हा ओळखीच्या पाच-सहा जणांना विचारलं होतं, पुन्हा उघडल्यावर गेलात का? एक जण गेला होता. बाकीचे म्हणाले, जायचंय, आता काय, आहेच.

'आहेच' हा शब्द या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं. सात वर्षं मी रिदम हाऊसच्या दारावरून जात होतो, ते आहेच म्हणून.

त्या फेब्रुवारीत मी दोन सीड्या घेतल्या. एक मन्सूरांची, एक अशीच. बिल करून झाल्यावर काउंटरमागच्या माणसाला विचारलं, "आता पुढे काय करणार तुम्ही?" तो म्हणाला, "बघू. एवढी वर्षं उभं राहायची सवय आहे, बसायचं कसं ते शिकायचं." मागे रांग होती, म्हणून पुढे बोलता आलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत जुना कप्पा आवरताना बाबांची ती नाट्यपदाची कॅसेट सापडली. आतला कागद निघून गेलेला, वरची शाई उडालेली; पद कोणतं, गायक कोण, काही वाचता येईना. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला. बाबाही नाहीत आता विचारायला. चाल मात्र मला येते, कुर्ल्याला बिघडली होती तेवढीच बिघडलेली. फोनमध्ये हल्ली सोय आहे, गुणगुणा, गाणं ओळखून देतो. मी दार लावून घेतलं आणि फोनसमोर पंधरा सेकंद गुणगुणलो.

त्याने तीन गाणी दाखवली. तिन्ही हिंदी.